ज्वालामुखी कधी नुसता वाहतो आणि कधी फुटतो?

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलीच्या भूगोलात ज्वालामुखीचे जागृत, निद्रिस्त आणि मृत असे प्रकार दिलेत, शिवाय केंद्रीय (एका नळीतून येणारे) आणि भेगीय (लांब भेगेतून येणारे) अशी दुसरी विभागणी. पण हवाईत लाव्हा वाहत असताना माणसं जरा अंतरावर उभी राहून फोटो काढताना दिसतात, आणि इटलीतल्या व्हेसुव्हियसने तर दोन दिवसांत अख्खी शहरं गाडली. त्यात नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी फुटला, त्याची राख वाऱ्याबरोबर उत्तर भारतापर्यंत आली आणि आपल्याकडची काही विमानं रद्द झाली. तर मग खरे प्रकार कोणते, एक नुसता वाहतो आणि दुसरा फुटतो तो कशाने, आणि सह्याद्री ज्वालामुखीतून झाला म्हणतात तर त्याचं तोंड कुठे आहे?

मी भूशास्त्रज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, झालं आहे. त्यामुळे शेवटच्या प्रश्नावर मी जरा जास्त रेंगाळणार, हे आधीच सांगून ठेवतो.

थोडक्यात उत्तर असं. वागणं ठरतं ते खालून येणारा शिलारस किती चिकट आहे, त्यात वायू किती विरघळलेला आहे आणि वर येताना त्याची पाण्याशी गाठ पडते का, या तीन गोष्टींवर. डोंगराचा आकार हा मागच्या उद्रेकांनी रचलेला ढीग असतो. त्यावरून मागचं बरंच कळतं, पुढचं थोडंच. आणि सह्याद्रीला एक असं तोंड नाही. भेगा आहेत, शेकड्यांनी, आणि त्यांतल्या कितीतरी आजही दाखवता येतात.

आधी पुस्तकातले प्रकार. जागृत, निद्रिस्त, मृत ही वर्गवारी चुकीची नाही, पण तिचा उपयोग मर्यादित आहे. ज्वालामुखी शेवटचा कधी सक्रिय होता एवढंच ती सांगते. फिलिपीन्समधला पिनाटुबो सुमारे पाचशे वर्षं गप्प होता. अंगावर दाट जंगल, उतारावर आएटा आदिवासींची वस्ती; जवळपासच्या कित्येकांना तो ज्वालामुखी आहे याचा पत्ताही नव्हता. 15 जून 1991 ला त्याने विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक घडवला. हायली गुब्बीचा तर त्याआधीचा एकही उद्रेक नोंदलेला नव्हता. माणसाच्या हिशेबात पाचशे वर्षं म्हणजे कायमची शांतता वाटते. ज्वालामुखीच्या आयुष्यात ती एक डुलकी असते.

आता मूळ मुद्दा, चिकटपणा. शिलारस म्हणजे वितळलेला खडक, आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा घटक सिलिका. सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून साखळ्या, जाळ्या तयार करतात. सिलिका जितकी जास्त, तितकी ही जाळी दाट आणि रस तितका घट्ट. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के असते आणि तो 1100 ते 1200 अंश सेल्सिअसला वर येतो. रायोलाइटमध्ये ती 70 टक्क्यांच्या वर जाते आणि त्याचं तापमान 700 ते 850 अंशांच्या आसपास असतं. सिलिका जास्त आणि ऊब कमी, अशा दोन्ही बाजूंनी घट्टपणा वाढत असल्यामुळे दोघांच्या चिकटपणात लाखो, कधी कोट्यवधी पटींचा फरक पडतो. मधे अँडेसाइट आणि डेसाइट. जगातले बरेचसे देखणे, निमुळते शंकू या मधल्या मंडळींचे.

पण नुसत्या घट्टपणाने काही फुटत नाही. फोडणारा असतो वायू. खोलवर, प्रचंड दाबाखाली शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड विरघळलेले असतात. रस वर सरकू लागला की दाब उतरतो आणि वायूचे बुडबुडे सुटू लागतात. स्वयंपाकघरात हे रोज दिसतं: पातळ सार उकळताना बुडबुडे सहज वर येऊन विरतात, पण पिठलं घट्ट झालं की तेच बुडबुडे अडकतात, फुगतात, आणि फटकन फुटून चटका देणारा थेंब हातावर उडवतात. पातळ बेसॉल्टमधून वायू निसटून जातो, मागे लाव्हा वाहत राहतो. घट्ट रसात तो कोंडतो. बुडबुड्यांचं आकारमान वाढत वाढत एकूण रसाच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत गेलं की तो रस न राहता फेस होतो, आणि फेस फाटतो. रस वर येण्याच्या नळीत एका विशिष्ट खोलीवर हे फाटणं सुरू होतं. त्याच्या खाली द्रव असतो आणि वर वायूत उडणारे तुकडे.

हे तुकडे म्हणजेच ज्वालामुखीची राख. चुलीतल्या राखेशी तिचा काही संबंध नाही, काहीही जळालेलं नसतं. ती फुटलेली काच आणि खनिजांचा चुरा असते. सूक्ष्मदर्शकाखाली एक कण पाहिला तर फुटलेल्या बुडबुड्याची वळलेली भिंत दिसते, कडा कोयत्यासारख्या. म्हणूनच ती विमानाच्या इंजिनात गेली की वितळून पात्यांवर चिकटते, फुप्फुसात गेली की खरवडते, आणि पावसाने भिजली की छपरं पाडते. दहा सेंटिमीटर ओल्या राखेचा थर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर शंभर किलोहून जास्त ओझं. पिनाटुबोच्या उद्रेकाच्याच दिवशी तिथून चक्रीवादळ गेलं, राख भिजली, आणि बरीचशी माणसं मेली ती लाव्हाने नव्हे, छपरं कोसळून.

वायू आणि सिलिका कुठे कमी, कुठे जास्त, हे शिलारस कसा जन्मला त्यावर अवलंबून असतं. हवाईसारख्या ठिकाणी खालून गरम प्रावरण वर सरकतं, दाब कमी झाल्यामुळे थोडं वितळतं आणि बेसॉल्ट तयार होतो. त्यात पाणी अर्ध्या-एक टक्क्याच्या घरात. जपान, इंडोनेशिया, अँडीज, म्हणजे प्रशांत महासागराभोवतीचं आणि त्याला जोडून आपल्या अंदमानापर्यंत येणारं कडं, तिथे समुद्रतळाची भूपट्टी दुसऱ्या पट्टीखाली घुसते. ती सोबत पाणी घेऊन जाते, ते पाणी वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्याचा द्रवणांक खाली आणतं. या रसात पाणी तीन ते सहा टक्के असू शकतं. वर तो जाड कवचात अडकून थांबतो, काही खनिजं आधीच घट्ट होऊन बाजूला पडतात आणि उरलेला रस सिलिकाने आणखी भरतो. म्हणजे घट्ट आणि वायूभरला. प्रशांत महासागराभोवतीच्या त्या कड्यावरचे ज्वालामुखी बदनाम आहेत ते यामुळे.

आकारांबद्दल पटकन सांगतो, कारण ते कुठल्याही पुस्तकात चित्रांसह मिळतात. पातळ लाव्हा पसरत जाऊन तयार होतो तो ढालीसारखा रुंद, मंद उताराचा डोंगर: हवाईचा मौना लोआ समुद्रसपाटीपासून 4169 मीटर, आणि समुद्रतळापासून मोजला तर नऊ किलोमीटरच्या आसपास, पण चालताना चढ फारसा जाणवत नाही. लाव्हा आणि राखेचे थर आलटून पालटून साचले की संमिश्र शंकू: फुजी, मेयॉन, व्हेसुव्हियस. एका तोंडाभोवती जळक्या विटांच्या खड्यांसारखे तुकडे रचून झालेली टेकडी म्हणजे राखशंकू. मेक्सिकोतला पारिकुटिन 20 फेब्रुवारी 1943 ला एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात उगवला, पहिल्याच वर्षात तीनशे मीटरहून उंच झाला आणि 1952 मध्ये कायमचा थांबला. इतका घट्ट रस की वाहूच शकत नाही, तो तोंडावरच फुगून बसतो, त्याला लाव्हा-घुमट म्हणतात. आणि खालची शिलारसाची कोठी रिकामी होऊन वरचं छप्पर आत कोसळलं की कॅल्डेरा. सुमात्रातलं टोबा सरोवर हे असंच, सुमारे शंभर किलोमीटर लांब.

उद्रेकांच्या तऱ्हांना ज्वालामुखींचीच नावं दिलेली आहेत, आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. 'स्ट्राँबोलीयन उद्रेक' म्हटलं की लोकांना वाटतं तो फक्त स्ट्राँबोलीचाच. प्रत्यक्षात एकच ज्वालामुखी आयुष्यात, कधी एका आठवड्यातही, चार तऱ्हांनी वागू शकतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना ज्वालामुखीचे प्रकार पाठ करण्यापेक्षा उद्रेकाचे प्रकार समजून घ्यायला सांगतो.

हवाईयन तऱ्हा सर्वांत सौम्य: भेगेतून लाव्हाचे कारंजे, मग नद्या. 2018 मध्ये हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर लेइलानी इस्टेट्स या वसाहतीतच भेगा उघडल्या आणि सातशेच्या आसपास घरं गेली. पण लाव्हाखाली माणसं गेली नाहीत. लाव्हा येताना दिसतो आणि बहुतेक वेळा चालत दूर जाता येतं. सामान मात्र हलवता येतं, घर नाही. स्ट्राँबोलीत, सिसिलीच्या उत्तरेच्या त्या बेटावर, मोठे बुडबुडे नळीतून वर येऊन दर काही मिनिटांनी फुटतात आणि तापलेले गोळे उडवतात. शतकानुशतकं हे चालू आहे, खलाशी त्याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणत. व्हल्कानियन तऱ्हेत नळीच्या तोंडाशी रस थिजून बूच बसतं, खाली दाब साठतो आणि तोफेसारखा बार होतो.

प्लिनीयन तऱ्हा निराळ्याच मापाची. इथे फेस फाटण्याची क्रिया तासन् तास अखंड चालते आणि वायू-राखेचा स्तंभ वीस-तीस किलोमीटर वर जातो. नाव धाकट्या प्लिनीवरून. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, उपसागरापलीकडे मायसीनमला. पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांत त्याने ढगाचं वर्णन केलं: खोड सरळ वर आणि फांद्या वर जाऊन पसरलेल्या, पाइनच्या झाडासारखा. इतकं नेमकं वर्णन की आजही आम्ही त्यावरून स्तंभाची रचना शिकवतो. खोड म्हणजे तोंडातून झोताने सुटलेला भाग, आणि फांद्या म्हणजे आजूबाजूची हवा आत ओढून गरम झालेला मिश्रणाचा ढग जिथे भोवतालच्या हवेइतका जड होतो आणि आडवा पसरतो ती पातळी. पॉम्पेईवर आधी कित्येक तास हलक्या, सच्छिद्र प्यूमिस दगडांचा पाऊस पडला. त्या वेळात शहर सोडलेले बरेच जण वाचले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्तंभाचा जोर कमी झाला, तो स्वतःच्या वजनाने कोसळला, आणि राख-वायूचे तप्त लोट जमिनीलगत धावत आले.

हे लोट म्हणजे ज्वालामुखीचं सर्वांत घातक हत्यार. काही शे अंश तापमान, ताशी शंभर किलोमीटरहून कितीतरी जास्त वेग, आणि वर तरंगणाऱ्या ढगाला दऱ्या-टेकड्यांची फारशी पर्वा नसते. कॅरिबियनमधल्या मार्टिनिकवर 8 मे 1902 ला माँ पेले या ज्वालामुखीच्या अशा एका लोटाने काही मिनिटांत सेंट पिएर शहर आणि सुमारे 28,000 माणसं संपवली. वाचलेल्या मोजक्यांत एक कैदी होता, जाड भिंतींच्या कोठडीतला. त्या उद्रेकात लाव्हाचा प्रवाह नव्हताच. 'लाव्हा दिसत नाही म्हणजे धोका नाही' हा समज त्या दिवशी किती महाग पडला हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर हवं.

घट्ट रस फुटण्याआधी काय करतो याचं सर्वांत चांगलं निरीक्षण अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सचं. मार्च 1980 मध्ये भूकंप सुरू झाले. रस डोंगराच्या पोटात शिरला पण बाहेर पडेना, त्यामुळे उत्तरेकडची बाजू फुगू लागली, रोज दीड-दोन मीटर. डोंगर रोज दोन मीटर बाहेर सरकतोय, ही गोष्ट साध्या सर्वेक्षणाच्या उपकरणांनी मोजली जात होती. 18 मे ला सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी 5.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती फुगलेली बाजूच घसरली. झाकण एकदम निघालं. स्फोट वर न जाता आडवा, उत्तरेकडे गेला. डोंगराची उंची चारशे मीटरने कमी झाली, 57 माणसं गेली. त्यात डेव्हिड जॉन्स्टन हा तीस वर्षांचा भूशास्त्रज्ञ होता, सुमारे दहा किलोमीटरवरच्या निरीक्षण चौकीवर. त्याच्या आधी त्या चौकीवर असलेला हॅरी ग्लिकन आदल्या दिवशीच तिथून गेला होता. अकरा वर्षांनी जपानमध्ये उन्झेनवर लाव्हा-घुमट कोसळून आलेल्या लोटात तोही गेला. आमच्या व्यवसायात ही दोन नावं एकत्रच घेतली जातात.

पिनाटुबोवर हाच धडा कामाला आला. तिथे शास्त्रज्ञ बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड मोजत होते. मे 1991 च्या दोन आठवड्यांत तो दहापट वाढला, आणि मग अचानक घसरला. कुणाला वाटेल, चला, शांत होतोय. त्यांनी उलट अर्थ लावला: नळी बंद होतेय, वायू आत कोंडतोय. उथळ भूकंपही वाढत होते. हजारो लोकांना वेळेत हलवलं गेलं. उद्रेकाने वातावरणात दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड सोडला आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं.

तिसरा घटक, पाणी, याकडे लोकांचं लक्ष सर्वांत कमी जातं. पाण्याची वाफ होताना आकारमान हजार पटींहून जास्त वाढतं, त्यामुळे निरुपद्रवी बेसॉल्टसुद्धा पाण्यात शिरला की राखेचे काळे फवारे उडवतो. 1963 मध्ये आइसलँडजवळ समुद्रातून सर्टसे बेट असंच वर आलं. 2010 मध्ये आइसलँडच्याच एयाफ्यातलायोकुलवर बर्फाखाली उद्रेक झाला आणि बारीक राखेने युरोपची विमानं कित्येक दिवस जमिनीवर बसवली. काही वेळा तर शिलारस वर येतच नाही. खालच्या उष्णतेने जमिनीतलं पाणी उकळून खडकासकट उडतं. जपानमधला ओंताके सप्टेंबर 2014 मध्ये आणि न्यूझीलंडचा व्हाकारी डिसेंबर 2019 मध्ये असेच फुटले, दोन्हीकडे पर्यटक विवराजवळ होते. आकाराने हे उद्रेक किरकोळ होते. मला विचाराल तर पर्यटकाने घाबरावं ते याच तऱ्हेला, कारण तिची पूर्वसूचना जवळजवळ मिळत नाही.

छोट्या उद्रेकाने मोठा घात होतो याचं दुसरं उदाहरण कोलंबियाचा नेवाडो देल रुइझ. 13 नोव्हेंबर 1985 ला त्याच्या माथ्यावरचं थोडं हिम वितळलं, ते राखेत मिसळून चिखलाचा लोंढा झालं आणि दऱ्यांमधून अडीच तासांनी आर्मेरो गावावर पोहोचलं. सुमारे 23,000 माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि त्यात आर्मेरो दाखवलेलं होतं.

आणि अपवाद. पातळ बेसॉल्ट सौम्य असतो हे खरं, पण नेहमी नाही. न्यूझीलंडमधला तारावेरा 1886 मध्ये बेसॉल्टच उडवत प्लिनीयन तऱ्हेने फुटला. हवाईच्या किलाउएआनेही भूतकाळात स्फोट केले आहेत. हायली गुब्बी हा तर ढालीच्या आकारात मोडणारा, ज्याच्याकडून पुस्तकाप्रमाणे शांत लाव्हाची अपेक्षा. त्याने राख पाठवली थेट आपल्याकडे.

आता सह्याद्री. इथे भेगीय उद्रेक हा शब्द लागू पडतो, आणि त्याची आज पाहता येणारी आवृत्ती आइसलँडमध्ये आहे. 1783 मध्ये तिथे लाकी नावाच्या जागी सुमारे 27 किलोमीटर लांबीची भेग उघडली, आठ महिने लाव्हा वाहिला, एकूण सुमारे पंधरा घन किलोमीटर. त्यातून निघालेल्या वायूंनी गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशाची पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. इतिहासातला हा सर्वांत मोठ्या लाव्हा-उद्रेकांपैकी एक. दख्खनमध्ये एकेका प्रवाहाचं आकारमान हजार घन किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं, आणि असे प्रवाह एकावर एक रचले गेले, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आत. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. कोयनेला वैज्ञानिकांनी विंधन घेतलं तेव्हा सुमारे 930 मीटर बेसॉल्ट संपल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला.

कळसूबाईचा शंकू पाहून अनेकांना वाटतं हाच तो ज्वालामुखी. नाही. कळसूबाई, राजगड, साल्हेर, सगळे लाव्हाच्या आडव्या थरांतून पाण्याने कोरून काढलेले उरलेले तुकडे आहेत. कोकणकड्यासमोर उभं राहिलात तर समोरच्या डोंगरावरच्या आडव्या रेघा या डोंगरावरच्या रेघांशी जुळताना दिसतात. मधली दरी नंतरची.

हे थर वाचायचे कसे, ते विहिरी खणणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वर माती, मग मुरूम, मग ठिपक्या-ठिपक्यांचा, तुलनेने ठिसूळ मांजऱ्या, मग पहारीला दाद न देणारा काळा पाषाण, आणि मधूनच एखादा लाल गेरूचा पट्टा. मांजऱ्या हा प्रवाहाचा वरचा भाग: वर सुटू पाहणारे वायूचे बुडबुडे थिजणाऱ्या कवचाखाली अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे गरम पाण्याने त्यात झिओलाइट नावाची पांढरी खनिजं भरली. काळा पाषाण हा प्रवाहाचा गाभा, जिथून वायू आधीच निघून गेला होता. गेरू म्हणजे पुढचा प्रवाह येण्याआधी खडक हवेत उघडा राहून कुजलेला वरचा थर. नव्या लाव्हाने तो भाजला. तेव्हा घाटात रस्त्याच्या कापात लाल पट्टा दिसला की समजायचं, इथे ज्वालामुखीने मधे सुट्टी घेतली होती. पातळ लाव्हा शांतपणे पसरल्याची सगळी खूण त्या एका कापात असते: राखेचे थर फार कमी, एकावर एक लाव्हाच लाव्हा.

मग इतका लाव्हा बाहेर आला कुठून? धुळे-नंदुरबार भागात गेलात की सपाट रानात मैलोन् मैल सरळ जाणाऱ्या दगडी भिंती दिसतात, साधारण पूर्व-पश्चिम. या डाईक, म्हणजे शिलारसाने भरून थिजलेल्या भेगा. आजूबाजूचा खडक झिजला, भेगेतला कठीण खडक उभा राहिला. जवळ जाऊन पाहा: भिंतीच्या कडेला खडक अगदी बारीक कणांचा, जवळजवळ काचेसारखा, कारण तिथे तो थंड खडकाला टेकून पटकन थिजला. मध्यभागाकडे जाताना कण मोठे होत जातात. आणि खडकाला पडलेले खांब आडवे, रचलेल्या लाकडांच्या मोळीसारखे, दोन्ही कडांना काटकोनात. थंडी ज्या दिशेने आत शिरली त्या दिशेने तडे गेले. नाशिक-पुणे पट्ट्यात आणि कोकणातही डाईक आहेत, वेगवेगळ्या दिशांचे. खडकातल्या मूलद्रव्यांची प्रमाणं जुळवून कोणती डाईक कोणत्या थराची, हे शोधण्याचं काम गेली काही दशकं चालू आहे. याच पद्धतीने कळलं की महाबळेश्वर परिसरातल्या थरांशी जुळणारा लाव्हा आंध्रात राजमहेंद्रीजवळही आहे, सुमारे हजार किलोमीटरवर. इतक्या दूर तो जाऊ शकला कारण वरचं कवच थिजून पांघरूण होतं, आत रस गरम राहतो, आणि नवा रस आतून येऊन कवचाला उचलत पुढे सरकतो. हवाईत वीत-दोन वितींचे लाव्हाचे जिभाळे असे फुगत काही मीटर जाड झालेले पाहिले गेले आहेत.

मुंबई मात्र थोडी वेगळी. दख्खनच्या शेवटच्या टप्प्यात तिथे बेसॉल्टबरोबर ट्रॅकाइट आणि रायोलाइटसारखा सिलिकाभरला रसही आला, राखेचे थर साचले, काही लाव्हा पाण्याखाली उशांच्या आकारात थिजला. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या भिंतीतला पिवळसर मालाड दगड ट्रॅकाइट आहे आणि करडा कुर्ला दगड बेसॉल्ट. एका इमारतीत दोन स्वभावांचे शिलारस. अंधेरीची गिल्बर्ट हिल, साठेक मीटर उंच उभ्या खांबांची, हीही याच काळातली.

लोणारचं विवर ज्वालामुखीचं नाही, ते बेसॉल्टवर अशनी आदळून झालं. धक्क्याने बदललेली खनिजं तिथे सापडली आहेत. वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूरचे गरम झरेही शिलारसाचे नाहीत. पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. सह्याद्री पुन्हा पेटेल का, असं कुणी विचारलंच तर: खालचा पुरवठा केव्हाच मागे राहिला. भारताची भूपट्टी उत्तरेकडे सरकली, आणि ज्या उष्ण स्रोताशी दख्खन जोडलं जातं तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पिटॉन द ला फुर्नेझ वरचेवर लाव्हा सोडतो, ढालीचा आकार, हवाईयन तऱ्हा.

भारताच्या हद्दीत जागृत असलेला एकच: अंदमान समुद्रातला बॅरन बेटाचा ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) ईशान्येला सुमारे 140 किलोमीटरवर. भारतीय पट्टी तिथे पूर्वेकडच्या पट्टीखाली घुसते. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद, पण पाण्याखाली त्याचा पाया दोन किलोमीटरहून खोल आहे. जुना शंकू कोसळून झालेल्या कॅल्डेरात नवा शंकू वाढतो आहे. दीर्घ शांततेनंतर तो 1991 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि तेव्हापासून अधूनमधून चालूच आहे, बहुतेक वेळा स्ट्राँबोलीयन तऱ्हेने. तिथे मनुष्यवस्ती नाही.